गोंडाइट: एका खडकाचं नाव आणि त्यामागची खाण

नेट किंवा गेटसाठी पेट्रोलॉजीच्या नोट्स काढल्या असतील, तर ही ओळ तुमच्या वहीत असणारच: 'गोंडाइट – स्पेसार्टीन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा रूपांतरित खडक. मध्य भारत. फर्मोर, १९०९.' ओळ पाठ होते, परीक्षेत एखादा मार्क मिळतो आणि आपण पुढच्या नावाकडे वळतो.

संशोधनाकडे वळायचं असेल तर अशा ओळीवर थोडं थांबायची सवय लावून घ्यायला हवी. या एका ओळीत तीन प्रश्न आहेत. हा खडक तिथेच का? तो १९०९ च्या सुमारासच का 'सापडला'? तो तर शंभर कोटी वर्षं तिथेच पडून होता. आणि त्याला गोंडांचं नाव का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर भूविज्ञानात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पोलादाच्या बाजारात आहे. तिसऱ्याचं उत्तर शोधताना आपण खाणीत काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचतो. आज या तिन्हींची गोष्ट सांगतो. शेवटी तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूला उपयोगी पडेल असं काही त्यातून काढू.

काळ्या दगडाच्या पलीकडे

मी राहतो त्या कोपरखैरण्यातून पूर्वेला पाहिलं की पारसिकचा डोंगर दिसतो. त्याचा दगड बेसाल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा लाव्हा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडाखाली झाकलेला आहे. बेसाल्टची खडी होते, इमारती आणि रस्ते होतात, पण त्यात धातूंच्या खाणी निघत नाहीत. महाराष्ट्राची धातूची खनिजं प्रामुख्याने राज्याच्या कडांना आहेत: दक्षिणेला सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे आणि पूर्वेला विदर्भात. तिथे लाव्हाची चादर संपते आणि खालचे जुने खडक उघडे पडतात.

विदर्भाच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, या जुन्या खडकांचा एक कमानीसारखा वाकलेला पट्टा आहे. छिंदवाड्याच्या सौंसरपासून तो सुरू होतो, नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक-सावनेर भागातून भंडाऱ्यात तुमसरकडे जातो आणि पुढे बालाघाटात शिरतो. लांबी दोनशे किलोमीटरहून जास्त. भूवैज्ञानिक याला 'सौसर समूह' म्हणतात. हे मुळात समुद्राच्या तळाशी साचलेले वाळू, चिखल आणि चुन्याचे थर. पुढे ते खोल दाबले गेले, तापले, घड्या पडून वाकले. वाळूचा क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा शिस्ट झाला आणि चुनखडीचा संगमरवर झाला.

याच थरांमध्ये कुठे कुठे मँगनीजची ऑक्साइडं साचलेली होती. जिथे ती जवळपास शुद्ध होती, तिथे रूपांतरणानंतर ब्राउनाइटसारख्या खनिजांचं जड, काळं धातुक तयार झालं. जिथे मँगनीजमध्ये वाळू आणि चिकणमाती मिसळलेली होती, तिथे त्या मिश्रणाचं मँगनीजयुक्त गार्नेट झालं. हेच स्पेसार्टीन. उरलेल्या सिलिकाचा क्वार्ट्झ झाला. दोघं मिळून झाला तो गोंडाइट. त्यामुळे धातुक आणि गोंडाइट जमिनीत बहुतेक वेळा शेजारी शेजारी, एकाच थराची दोन रूपं म्हणून सापडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे वाद याच शेजारावरून झाला.

अजून एक. गोंडाइट आणि धातुक दोन्ही कठीण. आजूबाजूचा शिस्ट झिजून सपाट होतो आणि हे थर टेकड्या होऊन उभे राहतात. या पट्ट्यातल्या खाणींची नावं पाहा: डोंगरी बुजुर्ग, बेलडोंगरी, लोहडोंगरी. गावकऱ्यांनी टेकडीला नाव देताना भूरचनाच नोंदवून ठेवली होती. लोहडोंगरीचं धातुक मँगनीजचं आहे, पण काळा आणि वजनदार दगड पाहून कोणीतरी त्यात लोखंड पाहिलं असावं, असा माझा तर्क. फील्डला जाण्याआधी टोपोशीटवरची गावांची नावं नीट वाचावीत, ती यासाठी.

दगडाचं खनिज कधी होतं

आता दुसरा प्रश्न: १९०९ च्याच आसपास का?

नागपूर परिसरात भूविज्ञान त्याआधीही होत होतं. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात नागपूरच्या आसपासचं भूविज्ञान आणि जीवाश्म यांवर लिहिलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे तेच हे हिस्लॉप. त्या काळातल्या अभ्यासकाला थरांचं वय ठरवायचं होतं, कोळसा कुठल्या थरात येतो ते शोधायचं होतं. मँगनीजच्या टेकड्या तेव्हाही उभ्या होत्याच. पण त्यांचं काय करायचं हे जगाला अजून ठरवायचं होतं.

ते ठरलं पोलादामुळे. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने पोलाद स्वस्तात करायची पद्धत जाहीर केली, पण सुरुवातीचं पोलाद ठिसूळ निघायचं. त्यात ऑक्सिजन उरायचा आणि लोखंडात गंधक असेल तर गरम असताना पोलाद तडकायचं. रॉबर्ट मुशेतने त्यात मँगनीज असलेलं कच्चं लोखंड मिसळून हा दोष घालवला. मँगनीज ऑक्सिजन ओढून घेतं आणि गंधकाला आपल्याशी बांधून ठेवतं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने जास्त मँगनीजचं पोलाद बनवलं. ते ठोके खाऊन आणखी कठीण होतं, म्हणून रेल्वेचे सांधे आणि दगड फोडायच्या यंत्रांचे जबडे त्याचे होऊ लागले. पोलादाच्या दर टनाला मँगनीज लागतं थोडंच, काही किलो. पण लागतं प्रत्येक टनाला, आणि त्याला पर्याय नाही.

म्हणून युरोपच्या भट्ट्या मँगनीज शोधू लागल्या. सर्वांत मोठा पुरवठा रशियन साम्राज्यातल्या जॉर्जियामधून, चियातुरा इथून होत असे. भारतात पहिली खाण १८९२ च्या सुमारास विजयनगरम भागात सुरू झाली. १८९६ मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली आणि काही वर्षांतच नागपूर, भंडारा, बालाघाटच्या टेकड्या खोदल्या जाऊ लागल्या. रेल्वे आधीच आलेली होती. जीआयपी रेल्वे मुंबईहून नागपूरला १८६७ मध्ये पोचली होती. बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ मध्ये नागपूर आसनसोलला जोडलं होतं. जड धातुक बंदरापर्यंत शेकडो किलोमीटर न्यायचं तर रेल्वेशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून खाणींकडे शाखा वळवल्या गेल्या. तुमसर-तिरोडी मार्ग त्यातलाच.

इथे एक हिशेब समजून घ्या, तो पुढे कामाला येईल. खाणीतून मुंबईपर्यंत रेल्वेभाडं, तिथून युरोपपर्यंत जहाजाचं भाडं. हे भाडं मँगनीजच्या प्रमाणावर ठरत नसे, वजनावर ठरत असे. ३० टक्के मँगनीजचा टन आणि ५० टक्के मँगनीजचा टन नेण्याचा खर्च सारखाच. म्हणून ५० टक्क्यांच्या आसपासचं धातुक जहाजावर चढायचं आणि कमी प्रतीचं खाणीच्या कडेला ढीग होऊन पडायचं. भाडं कमी झालं किंवा भाव वाढला की त्याच ढिगाचं खनिज होतं. पाठ्यपुस्तकात 'संसाधन' आणि 'राखीव साठा' हा फरक आपण व्याख्या म्हणून शिकतो. या टेकड्यांवर तो डोळ्यांना दिसत होता.

१९०५ मध्ये रशियात क्रांतीचा उठाव झाला. चियातुराचा पुरवठा विस्कळीत झाला, जगात भाव चढले आणि भारतात नवीन खाणींची झुंबड उडाली. १९०७ मध्ये देशाचं उत्पादन सुमारे ९ लाख टनांवर गेलं. त्यानंतर भाव पडले आणि अनेक लहान खाणी बंद पडल्या. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, काळ्या समुद्रातून बाहेर पडायचा मार्ग बंद झाला आणि पुन्हा सगळ्यांच्या नजरा भारताकडे वळल्या. भंडाऱ्याच्या एखाद्या टेकडीवर उद्या काम मिळेल की नाही, हे तिफ्लिस आणि इस्तंबूलच्या घडामोडींवर ठरत होतं.

'फर्मोर, १९०९' ही नोंद या चढउताराच्या मधोमध बसते. खडक आधी आणि खाण नंतर असा क्रम आपण गृहीत धरतो. गोंडाइटच्या बाबतीत आधी मागणी आली, मग खाण आली, मग खडकाला नाव मिळालं.

खाणीत उतरलेला भूवैज्ञानिक

लुईस ली फर्मोर १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये, रुजू झाला. वय बावीस. (प्रवासवर्णनांसाठी प्रसिद्ध असलेला पॅट्रिक ली फर्मोर हा त्याचा मुलगा.) पुढची काही वर्षं तो मध्य प्रांतापासून विजयनगरमपर्यंत मँगनीजच्या खाणी पाहत हिंडला. त्याचा परिणाम म्हणजे १९०९ चा 'द मँगनीज-ओर डिपॉझिट्स ऑफ इंडिया' हा जीएसआयच्या मेमॉयर्सचा ३७ वा खंड. पानं बाराशेच्या वर. तिशीच्या आतच त्याने हे काम हातावेगळं केलं होतं. पुढे तो जीएसआयचा संचालक झाला आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचा, म्हणजे आजच्या इन्साचा, पहिला अध्यक्षही.

त्याचं काम नेमकं काय होतं? खाणमालकाला खड्डा खोदून धातुक काढायचं असतं. त्या खड्ड्याच्या भिंती मात्र भूवैज्ञानिकासाठी उघडं पुस्तक असतात. टेकडीच्या पृष्ठभागावर सगळं हवामानाने बदललेलं असतं. खड्ड्यात ताजा खडक दिसतो, थर कसा कललाय ते दिसतं, धातुक कुठे संपतं आणि शेजारचा खडक कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येतं. कंपनीने पैसे खर्च करून खोदलेले हे शेकडो मीटर लांबीचे छेद फर्मोरला आयते मिळाले.

तिथे त्याला दिसलं की गोंडाइटचे पट्टे शिस्ट आणि क्वार्ट्झाइटच्या थरांना समांतर जातात. थर वळले की तेही वळतात, आणि धातुकापासून गोंडाइटपर्यंतचा बदल हळूहळू होतो. यावरून त्याने मांडलं की गोंडाइट हा समुद्रतळावर साचलेल्या मँगनीजयुक्त गाळाचा रूपांतरित अवतार आहे. मध्य प्रांतातल्या धातुकाचा काही भाग मूळ शुद्ध गाळापासून आणि काही भाग गोंडाइट बदलून झाला, असंही त्याने म्हटलं.

विजयनगरमकडे मात्र त्याला वेगळा खडक दिसला. त्यातही मँगनीजयुक्त गार्नेट होतं, पण सोबत पोटॅश फेल्डस्पार आणि अ‍ॅपटाइट. ही जोडी पाहून त्याला तो वितळलेल्या द्रवातून थिजलेला, म्हणजे अग्निज खडक वाटला. कोडूर गावावरून त्याने त्याचं नाव ठेवलं 'कोडुराइट'.

एकाच माणसाने, एकाच ग्रंथात, एकाच धातूच्या दोन खडकांना दोन जन्मकथा दिल्या. आज शंभर वर्षांनी निकाल काय लागला ते पाहू.

काय टिकलं, काय गेलं

गोंडाइट टिकला. जाधवपूर विद्यापीठाच्या सुप्रिय रॉय यांनी मँगनीजवर आयुष्यभर काम केलं. १९८१ चं त्यांचं 'मँगनीज डिपॉझिट्स' हे पुस्तक आजही या विषयाचा दरवाजा आहे. गोंडाइट हा मँगनीजयुक्त गाळाचाच रूपांतरित खडक, ही गोष्ट त्यांच्या आणि इतरांच्या कामाने पक्की झाली. त्यात एक दुरुस्तीही झाली: मुख्य धातुक हे गोंडाइट कुजून झालेलं नसून, गोंडाइटसारखंच मूळ थरातून, त्याच्याच सोबतीने रूपांतरित झालेलं आहे. म्हणजे ते शेजारी निघाले सख्खे भाऊ. पृष्ठभागाजवळ पाण्याने आणि हवेने तयार झालेलं धातुक आहे, पण ती नंतरची गोष्ट.

कोडुराइटची अग्निज जन्मकथा मात्र टिकली नाही. नंतरच्या अभ्यासकांनी तो खडकही मुळात मँगनीजयुक्त गाळाचा आणि नंतर फेल्डस्पारयुक्त द्रव्य मिसळून बदललेला मानला.

खनिजांच्या नावांचा हिशेब याहून बोलका आहे. फर्मोरने या खाणींमधून नवी खनिजंही नोंदवली. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खाणीत त्याला चुंबकाकडे ओढलं जाणारं एक खनिज मिळालं. जीएसआयमधल्या सहकाऱ्याच्या नावावरून त्याचं नाव 'व्रेडेनबर्गाइट' ठेवलं. छिंदवाड्याच्या सीतापारवरून 'सीतापाराइट' आलं, बेलडोंगरीवरून 'बेलडोंग्राइट'. झाबुआच्या काजलीडोंगरीतलं 'हॉलंडाइट' जीएसआयचे तत्कालीन संचालक टॉमस हॉलंड यांच्या नावाचं. पुढे १९४० च्या दशकात ब्रायन मेसनने हे नमुने नव्याने तपासले. व्रेडेनबर्गाइट हे एक खनिज नसून जेकबसाइट आणि हौसमॅनाइट यांची एकमेकांत गुंतलेली जोडी निघाली. सीतापाराइट म्हणजे आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट. बेलडोंग्राइटही यादीतून गेलं. हॉलंडाइट टिकलं, आणि आज ते स्फटिकरचनेच्या एका अख्ख्या गटाचं नाव आहे.

म्हणजे फर्मोर कच्चा होता का? अजिबात नाही. त्याच्या हातात साधा सूक्ष्मदर्शक, ब्लोपाइप आणि रासायनिक विश्लेषण होतं. क्ष-किरणांनी स्फटिक तपासायची पद्धत १९१२ नंतर आली. मेसनला निर्णय देता आला, कारण फर्मोरने प्रत्येक नमुना कुठल्या खाणीतला, कसा दिसतो, किती घट्ट, किती चुंबकीय, हे इतकं काटेकोर लिहून ठेवलं होतं की तो पुन्हा शोधता आणि तपासता आला. नाव खोडलं गेलं तरी नोंद कामाला आली.

पेपर वाचताना हा फरक पेन्सिलने मार्क करायला शिका: हे वाक्य निरीक्षण आहे की निष्कर्ष? 'गार्नेटचे पट्टे शिस्टच्या थरांना समांतर आहेत' हे निरीक्षण. 'हा खडक अग्निज आहे' हा निष्कर्ष. जुन्या पेपरचा निष्कर्ष शिळा झाला म्हणून पेपरच टाकून देणारे खूप भेटतात. निष्कर्ष तसाच उचलून आपल्या थेसिसच्या दुसऱ्या प्रकरणात टाकणारे त्याहून जास्त.

खड्डे जिथे, ज्ञान तिथे

पण एक अडचण काटेकोर नोंदींनीही सुटत नाही. फर्मोरने जे पाहिलं ते मुख्यतः तिथे पाहिलं जिथे खाण होती. खाण तिथे होती जिथे धातुक ५० टक्क्यांच्या घरातलं आणि रेल्वे आवाक्यात होती. दोन खाणींमधल्या शेताखालच्या थरात काय होतं, कमी प्रतीचा गोंडाइट कुठपर्यंत पसरला होता, याची नोंद त्या मानाने विरळ राहणारच. आजच्या भाषेत हा सॅम्पलिंग बायस. त्यात कोणाचा खोटेपणा नाही. बाजारभावाने पाडलेली ती खिडकी आहे, आणि आपण अजूनही त्या खिडकीतून पाहतोय.

यातून बाहेर पडायला वेळ लागला. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात देवलापारच्या आसपास खाणींच्या पलीकडचा सगळा मुलूख नकाशावर आणला आणि थर एकमेकांवर सरकून उलटे पडल्याचं दाखवलं. स्वातंत्र्यानंतर नारायणस्वामी आणि जीएसआयमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण पट्ट्याचा नकाशा केला; तो १९६३ मध्ये बुलेटिन म्हणून आला. सौसर समूहाचे थर कुठल्या क्रमाने येतात, मँगनीज त्यातल्या कुठल्या पातळ्यांवर सापडतं, हे तेव्हा नीट मांडता आलं. मनसर, लोहांगी, सीतासावंगी, चोरबावली, जुनेवाणी, बिचुआ: या थरांना गावांचीच नावं आहेत. सगळा पट्टा चालून पाहिल्यावर जे दिसलं, ते निव्वळ खड्ड्यांत उतरून दिसलं नसतं.

तुमच्या विषयात हीच खिडकी शोधा. भूजलाचा डेटा विहिरी आहेत तिथला असतो. प्रजातींच्या नोंदी रस्त्यालगतच्या असतात. रुग्णांचा डेटा हॉस्पिटलपर्यंत पोचू शकलेल्यांचा असतो. प्रत्येक डेटासेटमागे कोणीतरी कशासाठी तरी खोदलेला एक खड्डा असतो.

नाव गोंडांचं

आता तिसरा प्रश्न. जमातींची आणि माणसांची नावं खडकांना द्यायची त्या काळात पद्धतच होती. पूर्व घाटातल्या खोंड जमातीवरून १९०२ मध्ये 'खोंडलाइट' आलं. कोलकात्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्याचा दगड ज्या खडकाचा, तो १८९३ मध्ये 'चार्नोकाइट' झाला. त्याआधी १८७० च्या दशकात कोळसा असलेल्या थरांना 'गोंडवाना' नाव मिळालं होतं. पुढे एडुअर्ड सूस यांनी तेच नाव एका प्राचीन महाखंडाला दिलं. देवगडचे गोंड राजे, नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हे आपल्याला इतिहासात भेटतात. भूविज्ञानात गोंड भेटतात ते असे, एका महाखंडाच्या आणि एका खडकाच्या नावात. घाना आणि ब्राझीलमधल्या अशाच खडकांवर लिहिणारे संशोधकही आज 'गोंडाइट' हाच शब्द वापरतात. नाव जगभर गेलं.

ज्यांच्या मुलखाचं हे नाव, त्यांना त्या खडकावर काही हक्क होता का? मध्य प्रांतात जमीन मालगुजाराच्या नावावर असली तरी खनिजावर हक्क सरकारचा होता. सरकार परवाना आणि पट्टा द्यायचं ते कंपन्यांना. गोंड आणि इतर कष्टकरी गावकरी खाणीत आले ते मजूर म्हणून. सुरुवातीच्या खाणी उघड्या होत्या, काम हाताचं होतं. पुरुष फोडायचे, बायका धातुक निवडून, दगड वेगळा करून, टोपलीने वाहायच्या. जहाजावर ५० टक्क्यांचा माल चढायचा, कारण ३० टक्क्यांचा दगड कोणीतरी उन्हात बसून हाताने बाजूला काढत होतं. निर्यातीच्या आकड्यांमागचं गुणनियंत्रण ते होतं.

आणि धूळ होती. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की मेंदूवर परिणाम होतो. चाल अडखळते, आवाज बारीक होतो, चेहरा निर्विकार होतो, पार्किन्सनसारखी लक्षणं. ग्लासगोच्या ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये कूपरने हे १८३७ मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे मध्य प्रांतात पहिली कुदळ पडण्याच्या साठेक वर्षं आधी. भारतात १९५२ च्या खाण कायद्याखाली मँगनीजची विषबाधा सूचित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आली. १८३७ ते १९५२ हे अंतर विसरू नका. खडकाची माहिती वाढण्याचा वेग आणि तो फोडणाऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेची काळजी घेण्याचा वेग वेगवेगळे असतात, कारण दोन्हींसाठी पैसे देणारे वेगवेगळे असतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे 'आपल्या विषयाबाहेरचं' वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. मँगनीजच्या सिलिकेटपेक्षा त्याच्या ऑक्साइडची धूळ शरीरात कशी वागते, कुठल्या खाणीत कुठलं खनिज जास्त, हे खनिजशास्त्राचेच प्रश्न आहेत. गोंडाइटची सेक्शन स्लाइड बनवणाऱ्याला त्यांची उत्तरं देता येतात.

पट्टा एक, राज्यं दोन

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बालाघाट-छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. थर एकच, मधून सीमा गेली. म्हणून १९६२ मध्ये जुन्या ब्रिटिश कंपनीची मालमत्ता घेऊन 'मँगनीज ओर इंडिया', म्हणजे मॉइल, स्थापन झाली, तेव्हा ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात सारखे वाटले गेले. ४९ टक्के ब्रिटिश कंपनीकडेच राहिले. ते १९७७ मध्ये सरकारने घेतले. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं या धातुकात लंडनचा वाटा होता. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, उकवा, भरवेली: फर्मोरच्या काळातली बरीच नावं आजही चालू खाणींची आहेत. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड धातुक ड्राय सेलच्या बॅटरीत जातं.

हे सगळं शोधायचं कुठे? फर्मोरचा खंड डिजिटल स्वरूपात मिळतो. त्याच्याशेजारी जीएसआयच्या 'रेकॉर्ड्स'मधले खनिज उत्पादनाचे वार्षिक आढावे ठेवा, मध्य प्रांताची १९०० च्या दशकातली जिल्हा गॅझेटियर ठेवा आणि १९०१ च्या खाण कायद्यानंतर निघू लागलेले मुख्य खाण निरीक्षकांचे अहवाल ठेवा. पहिल्यात खडक आहे, दुसऱ्यात टन आहेत, तिसऱ्यात गाव आहे, चौथ्यात अपघात आणि मजूर आहेत. एकच खाण चारही ठिकाणी शोधून पाहा. दोन आठवड्यांचं काम आहे आणि पीएचडीच्या मुलाखतीत दाखवता येईल असं काहीतरी नक्की हाती लागतं.

आणि हे निव्वळ जुन्या काळाचं नाही. भारत सरकारने २०२३ मध्ये ३० 'क्रिटिकल मिनरल्स'ची यादी काढली. त्यात मँगनीज नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या यादीत मँगनीज आहे. धातू तोच. पण आपल्याकडे खाणी आहेत आणि त्यांना बाहेरून आणावं लागतं. आज फेलोशिपचे आणि प्रकल्पांचे पैसे अशा याद्यांकडे बघून वाटले जातात. तुम्ही लिथियमवर प्रपोजल लिहाल, कोणी दुर्मिळ मृदा धातूंवर लिहील, लिहाच. लिहिताना तुमचे नमुने कुठल्या खड्ड्यातून येणार आहेत आणि तो खड्डा कोणी, कशासाठी खोदला, याचा एक परिच्छेद मेथडॉलॉजीत टाका. तुमचा निष्कर्ष उद्या कोणी खोडला, तरी त्या परिच्छेदामुळे तुमचे नमुने पुन्हा तपासता येतील.